वाळवण, भट्टी आणि तेलाचा उतारा



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानास उभा राहिला म्हणजे श्रोते बोनस, महागाईभत्ता आणि संप ऐकण्याची तयारी ठेवून बसतात. आज तसे काही नाही. आज आम्ही वासाविषयी बोलणार आहोत. औषधी आणि सुवासिक वनस्पती वाळवल्या कशा आणि त्यांचे तेल काढले कसे, यावर त्या तेलात काय उतरते आणि काय उडून जाते, हा आजचा विषय आहे. त्यात पगाराची आणि नोकरीची गोष्ट मुळीच निघणार नाही, अशी हमी मात्र देत नाही.

चैत्राचे दिवस आहेत. जोतिबाच्या डोंगरावरून कोणी ना कोणी दवण्याची जुडी घरी आणतोच. ती ओली असताना तिला थोडासा हिरवट, गवती वास असतो. एकदोन दिवसांनी पाला सुकू लागला की तो हिरवटपणा मागे पडतो आणि फळासारखा गोड वास वर येतो. महिन्याभराने तीच जुडी चुरली तर नुसता भुसा हाती लागतो. देव्हाऱ्यातल्या या जुडीत आजचे निम्मे व्याख्यान आहे. आपल्या नाकाला वास येतो तेव्हा वनस्पतीतले तेल, कणाकणाने का होईना, तिच्यातून निघून नाकापर्यंत आलेले असते. वास म्हणजेच तेल. घरभर घमघमाट सुटला की आपण खूश होतो. तेल काढणाऱ्याच्या हिशेबी ती गळती असते.

आता हे तेल वनस्पतीत असते कोठे? सगळ्यांत सारख्या जागी असते अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. तुळस, पुदिना, सब्जा, पाच यांच्या पानांवर भिंगातून पाहिले तर सूक्ष्म ग्रंथी दिसतात, आणि तेल त्यांत साठलेले असते. म्हणून तुळशीवरून नुसता हात फिरवला तरी हाताला वास येतो. हे तेल जणू ओसरीवर ठेवलेले असते, उचलून नेण्यास सोपे. ओवा, जिरे, बडीशेप यांचे तसे नाही. त्यांच्या दाण्याच्या सालीत उभ्या नळ्या असतात आणि तेल त्यांत बंद असते. हे माजघरातल्या कपाटातले तेल. म्हणून अख्खा ओवा डब्यात वर्षभर राहिला तरी कामास येतो, आणि ओव्याची पूड चार आठवड्यांत मुकी होते. आमच्या आयाबहिणींना हे ठाऊकच आहे. फोडणीचे जिरे अख्खे ठेवावे आणि पूड लागेल तेव्हा करावी, हा नियम कोणा शास्त्रज्ञाने त्यांना शिकवलेला नाही.

वाळवणाचे शास्त्र येथून सुरू होते. पाल्यात शंभर भागांत सत्तर-ऐंशी भाग पाणी असते. ते घालवायचे, पण त्याच्याबरोबर तेल जाऊ द्यायचे नाही, अशी ही अडचण आहे. उन्हात पसरले तर पाणी लवकर जाते, परंतु पान तापते, ग्रंथी फुटतात आणि तेलातला हलका भाग आधी उडतो. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, पातळ थर करून वाळवले तर वेळ लागतो पण तेल टिकते. तापवलेल्या हवेच्या खोलीत वाळवायचे असेल तर उष्णता चाळीस अंश सेंटिग्रेडच्या आत ठेवावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. साठ अंशांवर पाला कुरकुरीत होतो, रंगही बरा राहतो, आणि तेल मात्र घटलेले असते. ओला पाला ढीग मारून ठेवणे हे या सर्वांहून वाईट. ढीग आतून तापतो, काळा पडतो, त्यास आंबूस घाण येते, आणि मग तेल काढणाऱ्यास बोल लागतो.

वाळवणे म्हणजे नुकसानच, असे मात्र कोणी समजू नये. पाच ही वनस्पती फुलवाल्यांकडे मरवा-दवण्याबरोबर आपण पाहतो. तिचीच बहीण, जिला जगाच्या बाजारात पॅचूली म्हणतात, तिची पाने ताजी भट्टीत घातली तर फारसे तेल देत नाहीत. ती वाळवावी लागतात, काही काळ मुरू द्यावी लागतात. पेशींच्या भिंती सैल पडल्यावरच आतले तेल वाफेला वाट देते. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूस पुदिन्याचे मोठे पीक निघते. तेथील शेतकरी कापलेला पाला काही तास शेतातच कोमेजू देतो. पाणी कमी होते, टाकीत माल जास्त मावतो, सरपण वाचते. थोडे तेल गेले तरी सरपणाचा हिशेब त्यापेक्षा मोठा असतो. गरिबाच्या धंद्यात शास्त्राला लाकडाचा भाव विचारूनच पुढे जावे लागते.

येथे एका आकड्याची गंमत सांगितली पाहिजे, कारण तिच्यात पुष्कळ लोक फसतात. शंभर किलो ओला पुदिना घेतला आणि त्यात सहाशे ग्रॅम तेल आहे असे धरू. म्हणजे उतारा शेकडा ०.६. तो वाळवून पंचवीस किलो झाला आणि वाळताना शंभर ग्रॅम तेल उडून गेले. उरले पाचशे ग्रॅम. पण आता पंचवीस किलोत पाचशे ग्रॅम म्हणजे उतारा शेकडा २! तेल घटले आणि आकडा तिपटीहून वाढला. “आमच्या पद्धतीने वाळवा, उतारा तिप्पट होतो,” असे सांगणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. तो फक्त कशाच्या शेकडा हे सांगत नाही. वेतनकरारांत अशा शेकड्यांशी आमचा जन्मभर सामना झाला आहे, म्हणून हा आम्हांला लगेच ओळखू आला.

आता भट्टीकडे वळू. पुदिन्यातले मेंथॉल एकटे उकळायचे म्हटले तर दोनशे बारा अंश उष्णता लागते, ओव्यातले थायमॉल दोनशे तेहेतीस अंशांच्या आसपास उकळते. एवढ्या आचेवर पाला जळून कोळसा होईल. पण पाण्याची वाफ सोबतीला असली की हीच तेले शंभर अंशांच्या आतच वर येतात. याचे कारण असे की, हवेचा दाब उचलण्याचे काम पाण्याची वाफ आणि तेलाची वाफ दोघी मिळून करतात. एकटीला जे ओझे पेलत नाही ते दोघी मिळून उचलतात. (संघटनेच्या माणसाला हे उदाहरण सुचले तर त्याला क्षमा असावी.) ही मिश्र वाफ गार केली की पाणी आणि तेल वेगळे होतात, आणि बहुतेक तेले पाण्यावर तरंगतात.

हे तत्त्व एकच असले तरी भट्ट्या निरनिराळ्या आहेत. आपल्या खानदेशात पिंपळनेर, नंदुरबार या बाजूस एकोणिसाव्या शतकात रोशा गवताचे तेल काढण्याचा मोठा धंदा होता. पावसाळा सरता सरता गवत फुलावर आले की ते कापायचे, कारण तेल मुख्यतः फुलोऱ्यात आणि पात्यांत असते, काडीत फार थोडे. ओढ्याकाठी दगडांच्या चुलीवर हंडा, हंड्यात गवत आणि पाणी, त्यावरून नळी काढून ती गार पाण्यातल्या भांड्यात सोडायची. हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने इस्तंबूलला जाई. त्यात जिरॅनिऑल नावाचे द्रव्य शेकडा पाऊणशेच्या वर असते आणि त्याचा वास गुलाबाच्या वासाला जवळचा, म्हणून तेथे त्याची गुलाबाच्या अत्तरात भेसळ होई. युरोपच्या बाजारात त्याचे नाव पडले तुर्की जिरेनियम तेल! गवत खानदेशचे, कापणारे खानदेशचे, आणि नाव तुर्कस्तानचे. या धंद्यातला दोष असा की गवत हंड्याच्या तळाला लागले म्हणजे करपे आणि तेलाला जळका वास येई. पुढे हंड्यात जाळी बसवली, त्याहून पुढे बॉयलर वेगळा करून नुसती वाफ टाकीत सोडली, तेव्हा तो दोष गेला. कनोजचे अत्तरवाले आजही तांब्याच्या डेगेखाली मंद जाळ ठेवतात आणि आच कमीजास्त करण्याचा अंदाज कारागिराच्या हातात असतो. त्या हाताला पगारपत्रकात अकुशल म्हणतात की कुशल, याची चौकशी श्रोत्यांनी स्वतः करावी.

ज्या प्रकरणामुळे आम्ही या विषयाकडे वळलो ते आता सांगतो. आमची शाळा नववीत सुटली. रसायनशास्त्र जे काही आले ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि या एका चौकशीच्या निमित्ताने आले. २००४ सालच्या मे महिन्यात एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात चार कामगारांना तेलचोरीच्या आरोपावरून निलंबित केले गेले. कारखान्याचे नाव येथे नको. तेथे ओव्याचे तेल काढीत. क्विंटलमागे नेहमी अडीच किलो तेल पडे. त्या एका घाण्यात पावणेदोन किलोच पडले. पाऊण किलो गेले कोठे? भट्टीवर चौघे होते, म्हणून चौघे चोर, असा सरळ हिशेब व्यवस्थापनाने केला. चौघांतल्या दोघांची पंधरा वर्षांहून अधिक नोकरी झालेली होती. एकाच्या मुलीचे लग्न ठरले होते, ते थांबले.

कामगार-प्रतिनिधी म्हणून आम्ही चौकशीत उभे राहिलो. पहिल्या दिवशी आमच्याजवळ चौघांच्या शब्दाखेरीज काही नव्हते. संध्याकाळी त्यांतला सर्वांत वयस्क गृहस्थ म्हणाला, “भाऊ, ओवा भरडला त्या रात्री बॉयलर बंद पडला. नळी गळत होती. तीन दिवस भरड तशीच शेडमध्ये पसरून पडली. वर पत्रे, खाली पंखे. सगळ्या आवारात ओव्याचा वास. गेटवरचा वॉचमनसुद्धा म्हणाला, आज काय लेकुरवाळीचा शेक चाललाय का! तो वास कुठून आला, हे साहेबांना विचारा की.”

त्या वाक्याने आमचे डोळे उघडले. दाणा भरडला म्हणजे कपाट फोडून तेल ओसरीवर आणून ठेवले. मे महिन्यातल्या पत्र्याखाली ते तीन दिवस पडले. पण कायद्यापुढे वासाची साक्ष चालत नाही, कागद लागतो. तो कागद प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाईंच्या नोंदवहीत निघाला. ओव्याच्या तेलात मुख्यतः तीन द्रव्ये असतात. थायमॉल जड; सायमीन आणि टर्पिनीन ही दोन हलकी, एकशे ऐंशी अंशांच्या आसपास उकळणारी. त्या कारखान्याच्या तेलात थायमॉल नेहमी शेकडा पंचेचाळीस असे. या घाण्यात ते साठ निघाले होते. आता हिशेब पाहा. अडीच किलोचे शेकडा पंचेचाळीस म्हणजे ११२५ ग्रॅम थायमॉल. पावणेदोन किलोचे शेकडा साठ म्हणजे १०५० ग्रॅम. थायमॉल जवळजवळ सगळे जागेवर होते! पाऊण किलोची जी तूट होती ती बहुतेक सारी हलक्या द्रव्यांची होती.

आम्ही चौकशी अधिकाऱ्यांना एवढेच विचारले, “साहेब, चोराने डब्यातून तेल काढले असते तर तिन्ही द्रव्ये सारखीच गेली असती आणि उरलेल्याचे प्रमाण जसेच्या तसे राहिले असते. थायमॉल मागे ठेवून फक्त सायमीन आणि टर्पिनीन चोरणारा चोर आपण पाहिला आहे काय?” व्यवस्थापनाचे वकील म्हणाले की, हा तर्क आहे. म्हणून आम्ही प्रयोग मागितला. एकाच पोत्यातला ओवा, दोन भाग. एक भरडल्याबरोबर क्लेव्हेंजरच्या काचेच्या उपकरणात घातला. हे उपकरण १९२८ पासून जगभर प्रयोगशाळांत वापरात आहे. दुसरा त्याच शेडमध्ये त्याच पंख्याखाली तीन दिवस पसरून मग घातला. काचेच्या बारीक नळीवर रेषा असतात. तूट कोणालाही दिसावी अशी होती. दुसऱ्या भागाचे तेल गार केल्यावर खडेही अधिक लवकर पडले. हेच ते ओव्याचे फूल, जे अमृतधारेत कापूर आणि पुदिन्याच्या फुलाबरोबर पडते.

चौघे कामावर रुजू झाले, निलंबनाचा पगार मिळाला. तेवढ्यावर आम्ही थांबलो नाही. भरडणीची वेळ आणि टाकी भरण्याची वेळ नोंदवहीत लिहिली जावी, बॉयलर बंद असता भरडणी करू नये, आणि उताऱ्यावरचे इनाम किंवा कपात ठरवताना या दोन वेळा पाहिल्या जाव्यात, अशी तीन कलमे पुढल्या करारात घातली. पहिली दोन मान्य झाली. तिसऱ्याला आणखी एक करार जावा लागला.

ओव्याचीच एक जुनी गोष्ट जाता जाता. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानचा ओवा जहाजे भरून जर्मनीला जाई, तेथे त्याचे थायमॉल होई आणि ते जगाला, आपल्यालाही, विकले जाई. १९१४ साली युद्धाने ती वाट बंद झाली, तेव्हा ते येथे काढता येते हे लोकांच्या ध्यानात आले. म्हैसूरच्या चंदनाचेही तसेच. लाकूड परदेशी जात होते. युद्धात गिऱ्हाईक तुटले आणि १९१६ मध्ये म्हैसूर सरकारने बंगळूरास चंदनतेलाचा कारखाना काढला. पिकवणाऱ्याच्या हाती दाणा आणि लाकूड, भट्टीवाल्याच्या हाती भाव, ही वाटणी खानदेशच्या रोशापासून चालत आली आहे.

आणखी एका भ्रमाबद्दल बोलले पाहिजे. बाटलीवर ‘शुद्ध’ असे छापलेले असते. गिऱ्हाइकाला वाटते, वनस्पतीत जे होते तेच बाटलीत आले. वस्तुतः तसे क्वचितच होते. कॅमोमाइल नावाचे युरोपातले शेवंतीच्या कुळातले पांढरे फूल आहे. त्याचे वाफेने काढलेले तेल गर्द निळे असते. फुलात निळे काहीही नसते! फुलात मॅट्रिसिन नावाचे रंगहीन द्रव्य असते. वाफेच्या उष्णतेने त्याचे रूप पालटून कॅमाझुलीन हे निळे द्रव्य तयार होते. तो निळा रंग भट्टीत जन्मतो. गुलाबाचे उलट आहे. बल्गेरियातल्या कझानलिकला तीन-चार टन फुलांतून जेमतेम एक किलो तेल निघते. पण गुलाबातले फेनिलएथिल अल्कोहोल हे महत्त्वाचे सुगंधी द्रव्य पाण्यात विरघळते, म्हणून वाफेने काढताना ते बहुतेक गुलाबपाण्यात जाते आणि तेलात अगदी थोडे राहते. तीच फुले द्रावकात भिजवून अर्क काढला तर त्यात हे द्रव्य निम्म्याहून अधिक भरते. दोन्ही बाटल्यांवर गुलाब, दोन्ही अस्सल, आणि घटक पाहिले तर जमीन-अस्मानाचे अंतर.

लॅव्हेंडर आता जम्मूकडे भदरवाहच्या डोंगरात होऊ लागले आहे. २०१६-१७ पासून सरकारी संशोधन संस्थांनी ते शेतकऱ्यांना दिले. त्याच्या वासाचा प्राण लिनालिल ॲसिटेट. फुले पाण्यात बुडवून फार वेळ उकळली तर हे द्रव्य फुटते, त्याचे लिनालूल आणि शिरक्यातले आम्ल होते, आणि भाव उतरतो. कोरडी वाफ सोडून लवकर आटोपले तर ते टिकते. वाळ्याची तऱ्हा याहून निराळी. त्याची मुळे आधी भिजवून मग अठरा-वीस तास, कधी त्याहून अधिक, वाफ द्यावी लागते. जड, खोल वासाचा भाग शेवटी येतो. जळण वाचवायला रात्रपाळीने भट्टी लवकर विझवली तर तेल मिळते, पण वाळ्याचा तो ओल्या मातीसारखा तळ मिळत नाही.

मोगरा, जाई यांना वाफ मुळीच मानवत नाही. त्यांच्यासाठी हेक्झेनसारखे द्रावक वापरतात. फुले त्यात बुडवायची, द्रावक उडवून मेणासारखा गोळा काढायचा, मग मद्यार्काने त्यातून अत्तराचा अर्क वेगळा करायचा. वास उत्तम येतो. आता कामगाराच्या बाजूने पाहा. हेक्झेन पेट्रोलसारखे पेट घेते, ठिणगी पुरते. आणि त्याची वाफ महिनोन् महिने छातीत गेली तर हातापायांचे मज्जातंतू झिजतात. आधी बोटांना मुंग्या, मग पाय उचलेनासे होतात. १९६० च्या दशकात जपानात चपला चिकटवणाऱ्या आणि इटलीत जोडे शिवणाऱ्या कामगारांत हा रोग दिसला. २००९ साली चीनमध्ये सूजौ येथे मोबाईलचे पडदे हेक्झेनने पुसणारी तरुण मुले-मुली अशीच रुग्णालयात गेली. म्हणून अर्कात द्रावक किती उरले याची तपासणी गिऱ्हाइकासाठी होते ती चांगलीच आहे. शेडमधल्या हवेत ते किती आहे याचीही तपासणी तितक्याच नेमाने व्हावी, एवढी आमची मागणी आहे. वायुवीजन, बंद टाक्या, वेळोवेळी रक्तलघवीची तपासणी. यांत अशक्य काही नाही.

अलीकडे कार्बन डायऑक्साइडने अर्क काढतात. एकतीस अंशांच्या वर आणि हवेच्या दाबाच्या चौऱ्याहत्तर पटीच्या वर हा वायू ना धड वायू, ना धड द्रव अशा अवस्थेत जातो आणि तेल विरघळवतो. दाब सोडला की तो निघून जातो, मागे काही ठेवीत नाही. उष्णता कमी, म्हणून कॅमोमाइलचे मॅट्रिसिन मॅट्रिसिनच राहते आणि अर्क निळा होत नाही. यंत्र महाग आहे, दाबाची टाकी सांभाळायला शिकलेला माणूस लागतो, आणि बंद खोलीत वायू गळला तर माणूस गुदमरतो. बाराबंकीच्या शेतकऱ्याला ते परवडणार नाही. त्याच्या टाकीला जाड जाळी, घट्ट झाकण आणि चांगले गार पाणी मिळाले तरी पुष्कळ काम होईल.

येथे टेबलावर आम्ही दोन बाटल्या आणल्या आहेत. दोन्हींत तुळशीचे तेल आहे, एकाच वाफ्यातले. एक सावलीत वाळवलेल्या पानांचे, दुसरे गच्चीवर उन्हात वाळवलेल्या पानांचे. कोणती कोणाची हे बाटलीवर लिहिलेले नाही. ज्यांना इच्छा असेल त्यांनी वास घेऊन ओळखावे आणि मग प्रश्न विचारावेत. वास घेतल्यावर झाकण मात्र लगेच लावा. मागच्या रांगेत पुष्कळ मंडळी बसली आहेत.